आठ मिनिटांचं स्वगत, पहिल्यांदाच एकटी. कुंभेरीनंतर सगळं पुसलं जातं

सुदामानगरची (इंदूर), १४ जुलै

नमस्कार. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माझं वय ४४. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी रक्त घ्यायचं काम करते. पहाटे सहाला स्कूटर काढायची, अन्नपूर्णा रोड, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर असं घरोघरी फिरून नमुने घ्यायचे आणि साडेनऊपर्यंत लॅबवर पोचायचं. नाटकं आईबरोबर पाहिली तेवढीच.

अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीच्या सुमाराला आमच्या मंडळाचा कार्यक्रम असतो. यंदा माझ्या आत्याने त्यासाठी एक स्वगत लिहिलं. आत्या ७३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. करणारही तीच होती. पण मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फार वेळ उभं राहवेना, आणि एका संध्याकाळी तिने वही माझ्या हातात दिली. "तू कर," एवढंच म्हणाली. मी हो म्हणून गेले. आत्याचं मन मोडवेना हे खरं, पण त्याहून जास्त खरं हे की मलाच ते करावंसं वाटलं. वही वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

प्रसंग असा. साल १७९१, महेश्वर. जावई यशवंतराव फणसे वारले आहेत. मुक्ताबाई सती जायचं म्हणते आहे. अहिल्याबाई लेकीच्या खोलीत येतात, तिला थांबवायला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले तेव्हा याच अहिल्याबाई सती निघाल्या होत्या आणि सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना थांबवलं होतं. आता थांबवायची पाळी त्यांची. पहिलं वाक्य आहे, "मुक्ते, पाणी तरी घे." वहीची साडेचार पानं. आत्याच्या घड्याळाने आठ मिनिटं.

मागच्या रविवारी मंडळातल्या आठ जणांसमोर पहिल्यांदा उभी राहिले. ओठ कोरडे पडले, डावा गुडघा थरथरायला लागला. आठ मिनिटांचं सगळं साडेपाच मिनिटांत संपवलं, तेही मध्ये एकदा पूर्ण थांबून. दर वेळी थांबते ती एकाच जागी. कुंभेरीचा भाग संपतो, "मामंजींनी माझ्यापुढे पदर पसरावा तसा शेला पसरला" इथपर्यंत येते आणि पुढे पांढरं. पुढचा भाग मालेरावांचा, म्हणजे अहिल्याबाईंच्या मुलाचा आहे, तो मला पाठ आहे. स्कूटरवर हेल्मेटच्या आत रोज म्हणते, एक शब्द चुकत नाही. उभी राहिले की जातो.

आत्याचं म्हणणं, "तू म्हणतेस, बोलत नाहीस." तिला काय हवंय ते कळतं, करायचं कसं ते कळत नाही.

सातवीत असताना शाळेच्या स्टेजवर भाषण विसरले होते. बाईंनी दंड धरून खाली उतरवलं. त्यानंतर माइकसमोर गेलेच नाही. हे इथे लिहिते आहे कारण त्या दंडाची आठवण मला अजून होते, त्या रविवारीही झाली.

महिनाभर हातात आहे. कोणी केलं असेल तर सांगा.

निनाद_कोथरूड, १४ जुलै

ताई, आमचे सर सांगायचे, समोर दगडधोंडे बसलेत असं समजायचं आणि शेवटच्या रांगेच्या मागच्या भिंतीकडे बघून बोलायचं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांत मला उपयोग झाला. शुभेच्छा!

लष्करकर (ग्वाल्हेर), १५ जुलै

ताई, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला. हौशी रंगभूमीवर तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी विंगेत प्रॉम्प्टिंगची, म्हणजे अडलेल्या नटाला शब्द द्यायची वही घेऊन. कुठे कोण अडतं हे मला नटांपेक्षा जास्त पाहायला मिळालं आहे, म्हणून लांब लिहितो.

निनादरावांचा उपाय वक्तृत्वाला ठीक. तुमच्या कामाला तो मारक ठरेल. तुम्ही भाषण करत नाही आहात, एका बाईचा जीव वाचवायला आला आहात, आणि ती बाई त्या खोलीत आहे. भिंतीकडे बघून लेकीला कोण विनवतं?

आत्याबाईंनी लिहिलंय त्याला तुम्ही स्वगत म्हणता, पण स्वगत म्हणजे पात्र मनाशी बोलतं ते. तुमचं काम नाट्यछटेच्या जवळचं आहे. दिवाकरांनी १९११ पासून मराठीत नाट्यछटा लिहायला सुरुवात केली, तिचा सगळा जीव यात असतो की बोलणारा एकच दिसतो, पण समोर दुसरं कुणीतरी असतं. ते माणूस मध्ये बोलतं, उठतं, तोंड फिरवतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, बोलणाऱ्याला येतं. त्याच्या पुढच्या वाक्यावरून आपण ताडतो.

आता तुमचं अडण्याचं ठिकाण बघा. शेला पसरला, आणि लगेच मालेराव. का? कुंभेर १७५४ ची, मालेराव गेले १७६७ ला. तेरा वर्षांची उडी. ती अहिल्याबाई का घेतात, हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून जीभ तिथे अडते. पाठांतर पक्कं असून माणूस नेमका सांध्यावर अडकतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं. स्कूटरवर लय तुम्हाला ओढून नेते. माणसांसमोर लय तुटते आणि खाली काहीच नसतं.

तेव्हा असं करा. वही उतरवून काढा, डाव्या बाजूला तीन बोटं समास सोडा आणि त्या समासात मुक्ताबाईंचं बोलणं लिहा. प्रत्येक सांध्याला ती काय म्हणाली असेल? शेल्याची गोष्ट ऐकून ती काय म्हणेल? आत्याबाईंना विचारा, त्यांना माहीत असणार.

दुसरं, मुक्ताला एका जागी बसवा. खरोखर. घरात पाट मांडा, त्यावर उशी ठेवा. कार्यक्रमात ती जागा प्रेक्षकांच्या बाजूलाच हवी, म्हणजे तुमचा चेहरा लोकांना दिसेल. चौथ्या रांगेच्या डोक्यांच्या थोडं वर, मधोमधपासून किंचित उजवीकडे. एकदा ठरली की हलवायची नाही. ती बसलेली आहे की उभी, तेही ठरवा, नजरेची उंची त्यावर ठरते.

तिसरं, मोठ्याने. दिवसातून एकदा तरी उभं राहून, हॉलमध्ये लागेल त्या आवाजात. पुटपुटून पाठ केलेलं पुटपुटतानाच आठवतं. आणि शेवटापासून पाठ करून बघा: आधी शेवटचा परिच्छेद, मग त्याच्या आधीचा. आपण सगळे पहिलं पान शंभरदा म्हणतो आणि शेवटचं दहादा, मग पुढे पुढे जमीन पातळ होत जाते. उलटं केलं की जसजसे पुढे जाल तसतशी ओळखीची वाट लागेल.

आणि सातवीतल्या त्या बाईंनी चुकीचं केलं. विसरलेल्या मुलाला पहिला शब्द द्यायचा असतो.

सुदामानगरची, १९ जुलै

काका, तुमचं उत्तर मी छापून आत्याकडे नेलं. तिने दोनदा वाचलं, मग चष्मा काढून म्हणाली, "समास सोड."

आम्ही दोघी रात्री साडेदहापर्यंत बसलो. शेल्यानंतर मुक्ता काय म्हणते, असं मी विचारलं तेव्हा आत्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "ती म्हणते, तुला थांबायला कारण होतं. तुझ्या मांडीवर मालेराव होता, मी होते. माझा मुलगा तर आधीच गेला. मी कुणासाठी थांबू?" आणि म्हणून अहिल्याबाई मालेरावांवर येतात! ज्याच्यासाठी थांबले तोही राहिला नाही, तरी मी उठले, हे सांगायला. माझ्या अंगावर काटा आला. दोन महिने वही माझ्याकडे आहे आणि हे मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर आत्या स्वतः मुक्ता झाली. खुर्चीवर बसली, ऑपरेशनचा पाय स्टुलावर, आणि समासातलं एकेक वाक्य हळू बोलत गेली. मी तिला उत्तर देत गेले. त्या जागी अडले नाही. घड्याळ पाहिलं तर नऊ मिनिटं झाली होती.

आता दोन गोष्टी मनात आहेत. एक, माझे उच्चार. मी हिंदी माध्यमात शिकले, मराठी घरातली. आत्या दर मिनिटाला थांबवते आणि सूर तुटतो. दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. विधवा अहिल्याबाई म्हणजे कपाळ मोकळं, मंगळसूत्र नाही, बांगड्या नाहीत. यजमानांची हरकत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मी पांढरी साडी घरात आणली तेव्हा त्या उठून आत गेल्या. त्यांचं मन दुखवून मला उभं राहता येणार नाही.

तिलकनगर_इंदूर, १९ जुलै

ताई, मीही हिंदी माध्यमातला, म्हणून उच्चारांचं सांगतो. आत्यांना विनंती करा की तालमीत थांबवू नका, खुणा करून ठेवा आणि नंतर अर्धा तास फक्त उच्चारांचा घेऊ.

आपल्या इंदूरच्या लोकांच्या चुका ठराविक असतात. "जाळ", "जग", "चटका", "माझा" यांतला च-ज-झ दातांमागून येतो, आपण तो हिंदीसारखा टाळूवरून काढतो. "जीव", "चिता", "माझी" यांत मात्र टाळूचाच. "मृत्यू" आपल्या तोंडून "म्रित्यु" येतो, मराठीत "म्रुत्यू". "आज्ञा" चं आपण "आग्या" करतो, मराठीत "आद्न्या". "ऐक" हा शब्द तुमच्या वहीत नक्की असणार, लेकीला विनवणारी आई तो म्हणणारच. तो "अइक" असा यायला हवा. आणि डोळे, वेळ, काळ यांतला ळ. वहीत हे शब्द लाल पेन्सिलीने गोल करा, पंधरावीस निघतील. तेवढेच घासा.

बाकी आपल्या बोलण्याचा जो हेल आहे, तो राहू द्या. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, आणि उभं आयुष्य माळव्यात गेलं. त्या पुण्याच्या सदाशिव पेठेतल्यासारखं बोलत असतील असं मानायचं कारण काय?

निनाद_कोथरूड, २० जुलै

हेलाबद्दल मी सहमत नाही. ऐतिहासिक भूमिकेला प्रमाण भाषा हवी, नाहीतर प्रेक्षकाचं लक्ष उच्चारांकडे जातं. पण लष्करकर काकांचं समासाचं पटलं, माझं पहिलं उत्तर मागे घेतो.

रावपुरा_बडोदा, २० जुलै

अगं, मी वडोदऱ्याची. आमच्या गणेशोत्सवात आणि मंडळांत वीसेक वर्षं कपडेपट सांभाळला आहे. माझ्याकडे कपड्यांचंच सांगण्यासारखं आहे.

साडी नऊवारी असेल तर आजपासून रोजची तालीम नेसूनच कर. पहिल्यांदा नेसून उठताना पाय अडकतो, आणि तुझ्या मनात तेवढंच राहतं. कोरी सुती साडी असेल तर दोनदा धू, खळ निघून गेली पाहिजे. कॉलर माइक लावणार असतील तर खळीचा पदर करकरतो आणि लोकांना वाटतं माइक खराब आहे. माइक लावणाऱ्याला रंगीत तालमीला बोलवा, पदर कुठल्या खांद्यावरून येतो ते त्याने बघितलं पाहिजे. डोक्यावरचा पदर केसांच्या रेषेवर पिनांनी घट्ट बसव. तो पुढे आला की डोळ्यांवर सावली पडते, आणि या प्रसंगात डोळे दिसले नाहीत तर काय उरलं?

पहिल्याच वाक्यात पाणी आहे म्हणजे हातात तांब्या असणार. तांब्यावर भांडं पालथं घालू नकोस. हात जरा जरी थरथरला तरी ते वाजतं, आणि आपला थरकाप आपल्यालाच ऐकू येतो. नुसतं फुलपात्र घे, अर्ध्याहून कमी पाणी, दोन्ही हातांत.

मंगळसूत्राचं. मी किती जणींचं काढून ठेवलं आणि परत घातलं, मोजलं नाही. ते टेबलावर, पर्समध्ये, मेकअपच्या डब्यात ठेवायचं नाही हा माझा नियम. घरच्याच कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि काम संपलं की त्याच हातांनी परत घालून घ्यायचं. सासूबाईंना आधीच जाऊन सांग, लपवाछपवी करू नकोस. न विचारता केलेल्याचं दुःख जास्त होतं.

नर्मदातीर, २२ जुलै

एक भर घालतो. या प्रसंगाची हकिगत ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. ग्रंथ १८२३ चा. घटना घडली तेव्हा माल्कम तिथे नव्हता, नंतर इकडच्या माणसांकडून ऐकून लिहिलं. त्यात मुक्ताबाईंचं उत्तर आहे. आशय असा: आई, तू आता म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तुझं पुण्याचं आयुष्य संपेल. माझं एकुलतं मूल गेलं, पती गेले. तूही गेलीस की जगणं मला असह्य होईल, आणि मानाने शेवट करायची वेळ तेव्हा निघून गेलेली असेल.

तुमच्या समासात हे बसतं का बघा. आणखी एक: अहिल्याबाई चितेपर्यंत गेल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा दिसल्यावर त्यांचा धीर सुटला. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ काहीच अन्न घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत.

म्हणजे तुमची ही आठ मिनिटं त्या मौनाच्या आधीची.

सुदामानगरची, २३ जुलै

"दंड धरून ठेवले होते" इथे मी वाचायची थांबले. बराच वेळ पुढे गेले नाही.

आत्याने शेवट बदलला आहे. आधी शेवटी एक प्रार्थना होती. आता मुक्ताचं ते उत्तर येतं (माझ्या कानात), आणि माझ्याकडे बोलायला काहीच उरत नाही. फुलपात्र खाली ठेवायचं, एवढंच.

काका, अजून एक विचारते. गुडघा थरथरतो त्याचं काय करू? आणि ती शेवटची शांतता मी धरू शकेन का?

लष्करकर, २४ जुलै

गुडघा ताठ ठेवला की जास्त थरथरतो. दोन्ही गुडघे नखभर वाकवा, पायांची बोटं जमिनीत रुतवल्यासारखी धरा. पण ताई, श्वासाचं मी तुम्हाला काय शिकवणार? सुई टोचताना घाबरलेल्या माणसाला तुम्ही रोज काय सांगता?

शांततेसाठी प्रॉम्प्टर हवा, आणि त्याच्या वहीत प्रत्येक विराम लिहिलेला हवा, किती आकडे मोजायचे तेही. हे मी माझ्या चुकीतून सांगतो. एका नटीने भर प्रसंगात विराम घेतला होता, मला वाटलं विसरली, मी विंगेतून शब्द दिला. पहिल्या पाच रांगांना ऐकू गेला. तिने मला एका शब्दाने दुखवलं नाही, पण तो प्रसंग त्या रात्री गेला तो गेलाच. तुमची खूण ठरवा: खरंच अडलात तर डावा हात पदराच्या काठाला. हात तिथे गेला नाही तर प्रॉम्प्टरने तोंड उघडायचं नाही. शब्दही एकच द्यायचा, पहिला.

सुदामानगरची, २४ जुलै

मी सांगते, "श्वास घेऊ नका, सोडा. हळू सोडा." आणि सोडत असताना टोचते.

काका, कळलं.

सुदामानगरची, ऑगस्ट, कार्यक्रमानंतर

काल झालं. रात्री लिहायला बसले होते, हात चालेना, म्हणून आज.

सासूबाईंना मी आठ दिवस आधी सगळं सांगितलं, बडोद्याच्या ताईंनी सांगितलं तसं. त्यांनी विचारलं, "तिने लेकीला थांबवलं का?" मी म्हटलं, नाही थांबवू शकली. त्या गप्प राहिल्या. काल संध्याकाळी निघताना स्वतःच रिक्षात येऊन बसल्या. आत मेकअपच्या खोलीत त्यांनी हात पुढे केला, मी मंगळसूत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, त्यांनी मूठ मिटली.

हॉलमध्ये दीडशेच्या वर माणसं असावीत. तिसरी घंटा झाली तेव्हा पोटात खड्डा पडला, तोंड पार कोरडं. चहा मी दुपारनंतर घेतला नव्हता, कोमट पाणी घेत होते, तरीही. अंधारात जाऊन जागेवर उभी राहिले. दिवा आला तो इतका प्रखर की समोरचं काहीच दिसेना, चौथी रांग वगैरे काही नाही. क्षणभर घाबरले. मग मुक्ताच्या जागेकडे पाहिलं, श्वास सोडला, सोडता सोडता "मुक्ते, पाणी तरी घे" आलं. आवाज माझा नेहमीचा होता, मी सकाळी दारात उभी राहून घरच्यांशी बोलते तसा.

फुलपात्र थरथरलं. पाण्यावर दिवा हलताना मला दिसत होता. मी तसंच राहू दिलं, त्या बाईचाही हात थरथरला असता.

कुंभेर आली. शेला पसरला. समासातलं वाक्य आत्याच्या आवाजात ऐकू आलं, पाय स्टुलावर ठेवून म्हटलेलं, आणि मालेराव आपोआप आले. अडले नाही. नंतर एका जागी अडले, जिथे कधीच अडले नव्हते: "नर्मदा सगळं वाहून नेते" च्या पुढे. हात काठाकडे गेला. आतून फक्त "पण" ऐकू आलं, आणि पुढचं वाक्य मिळालं. प्रॉम्प्टिंगला मंडळातली एक अकरावीतली मुलगी होती. नंतर मी तिला सगळ्यात आधी जाऊन भेटले.

"मृत्यू" नीट आला. "आज्ञा" बहुतेक हिंदीत गेलं, आत्याने अजून काही म्हटलेलं नाही.

शेवटी फुलपात्र खाली ठेवलं. मुलीच्या वहीत तिथे दहा आकडे लिहिले होते. मी मोजले नाहीत. हॉलमध्ये कुणाचं तरी लहान मूल काहीतरी बोललं, कुणीतरी त्याला शू केलं, मग पंख्यांचा आवाज, मग अंधार.

आत खोलीत आले तर सासूबाई त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी नाटक पाहिलंच नव्हतं, दाराशी बसून ऐकलं. मूठ तशीच होती. मला पाठमोरं उभं केलं आणि मंगळसूत्र घातलं, हूक त्यांना चटकन लागेना, थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "पाणी पी आता."

आत्या घरी फोनची वाट बघत होती. यजमानांनी रेकॉर्डिंग पाठवलं आहे. सकाळी तिचा फोन आला, पुढच्या वर्षीसाठी नवी वही सुरू केली म्हणून. मी लोकमान्य नगरला एका आजींचं रक्त घेत होते, त्यामुळे नंतर करते म्हणून ठेवला. दुपारी करणार आहे.